बागेतले ट्रेल कॅमेरे: जनावरांसाठी एक, पंपासाठी दुसरा

संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या वरच्या अंगाला आमची तीन एकरांची बाग आहे. हापूसची जुनी कलमं, वर कातळाकडे काजू, खाली पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, विहीर आणि पंप. घरी अण्णा, म्हणजे माझे सासरे, आणि राखणीला एक काका. आम्ही चिपळुणात, भाऊजी मुंबईत. रात्री बागेत काय येतं आणि पंपापाशी कोण येतं, हे दोन प्रश्न होते. आसपासचे बागायतदार हल्ली ट्रेल कॅमेऱ्याबद्दल, म्हणजे झाडाला बांधायच्या आणि समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, फार विचारतात, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून देते. आमच्याकडच्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या लिहिलेल्या नाहीत. मॉडेलं दरवर्षी बदलतात, अडचणी त्याच राहतात.

१३ ऑक्टोबर २०२४

पाऊस ओसरला, गवत कमरेएवढं. कॅमेरा मागवण्याआधी गडगा, म्हणजे बागेभोवतीची दगडी भिंत, पूर्ण फिरून पाहिला. जांभ्याचा सुका गडगा, तीन ठिकाणी ढासळलेला. गेल्या वर्षीचं नुकसान लिहून काढलं: नारळाची रोपं बुंध्यातून कुरतडलेली, काजूच्या नव्या कलमांची आळी उकरलेली, आणि पंपाची केबल फूटव्हॉल्व्हसकट नेलेली. पहिली दोन कामं जनावरांची, तिसरं माणसाचं.

आमच्या जमिनीत ठसा उमटत नाही, सगळा जांभा. काकांनी तिन्ही खिंडारांत संध्याकाळी चाळलेली माती बोटभर पसरली. सकाळी वरची दोन कोरीच. पऱ्याकडच्या खिंडारात मात्र डुकराचे खूर, आणि लहान मुलाच्या पावलासारखा, पुढे नखं टेकलेला ठसा. त्याच्या मागे बारीक रेघा ओढलेल्या. साळिंदर. काटे जमिनीला घासत जातात त्या रेघा.

या कामाला पैसा लागला नाही आणि कॅमेरा कुठे लावायचा ते ठरलं. कुठला घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

२० ऑक्टोबर

ऑनलाइन दुकानांत पाच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत कॅमेरे आहेत. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेल असतात: ३६, ४८, ६०. त्यांच्याकडे मी बघितलंच नाही. या कॅमेऱ्यांतला मूळ सेन्सर बहुधा दोन ते पाच मेगापिक्सेलचा असतो, बाकीचा आकडा सॉफ्टवेअरने ताणलेला. फोटोची फाइल मोठी होते, कार्ड लवकर भरतं, साळिंदराचा काटा काही जास्त स्पष्ट दिसत नाही.

मी चारच गोष्टी विचारल्या. हालचाल झाल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ? एक फोटो काढून दुसऱ्याला तयार व्हायला किती वेळ? रात्रीचे इन्फ्रारेड दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे की ९४०चे? चार्जिंगचे सेल चालतात का?

दिव्यांचा फरक महत्त्वाचा. ८५० वाले लांबपर्यंत उजेड टाकतात, पण समोरून पाहणाऱ्याला लालसर ठिपके दिसतात. ९४० वाले दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी आणि रात्रीचा फोटो जरा दाणेदार येतो. तिसरा प्रकार पांढऱ्या फ्लॅशचा. व्याघ्रगणनेत त्याला पसंती असते, कारण पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा तर फोटो रंगीत आणि धारदार लागतो. आम्हाला कोणाला ओळखायचं नव्हतं, कोण येतं तेवढंच पाहायचं होतं. आणि अंधारात लखकन उजेड पडला की कॅमेरा कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

जनावरांच्या खिंडारासाठी ८५० वाला घेतला, ६,८०० रुपये. बत्तीस जीबीचं कार्ड वेगळं. पंपासाठी काय घ्यायचं ते पुढे ढकललं.

२७ ऑक्टोबर

बागेत न्यायच्या आधी खळ्यात चाचणी. खांबाला कॅमेरा बांधला, समोर दर मीटरला चुन्याची खूण केली आणि रात्री काकांना त्या खुणांवरून आडवं चालायला सांगितलं. आधी सावकाश, मग झपझप.

खोक्यावर लिहिलंय ०.२ सेकंद. दिवसा ते खरं वाटलं. रात्री झोपेतून जागं व्हायला त्याला जास्त वेळ लागतो: झपझप चालले तेव्हा फ्रेममध्ये फक्त मागची टाच आणि धोतराचं टोक. व्हिडिओवर ठेवला तर सुरुवात आणखी उशिरा, काका फ्रेमच्या बाहेर गेल्यावर रिकामं खळं दहा सेकंद. म्हणून व्हिडिओ बंद, एका हालचालीला तीन फोटो.

दुसरी चाचणी दिशेची. काका आडवे गेले की बारा-तेरा मीटरवरूनही टिपले जात. सरळ कॅमेऱ्याकडे चालत आले की पाच-सहा मीटरवर येईपर्यंत पत्ता नाही. हालचाल ओळखणारा सेन्सर उष्णतेतला फरक एका पट्टीतून दुसरीत सरकताना पकडतो. समोरून येणाऱ्याची जागा सरकतच नाही. पण अगदी काटकोनात लावला तर जनावर फ्रेममधून पटकन निघून जातं. वाटेला साधारण ४५ अंशांत तिरका, हे बसलं.

भाऊजींनी फोनवर विचारलं की खिडकीच्या काचेआडून लावला तर भिजणार नाही ना. करून पाहिलं. काचेतून हा सेन्सर काहीच पकडत नाही. शरीराची उष्णता काच अडवते.

९ नोव्हेंबर

दिवाळीला गेलो तेव्हा कार्ड काढलं. जवळजवळ भरलेलं. साधारण दोन हजार फोटो आणि त्यांतले बहुतेक गवताचे. सकाळी आठ ते दहा या वेळात तर मिनिटाला एक. उन्हाने तापलेलं पातं वाऱ्यावर हललं की कॅमेऱ्याला ते जनावरच. शिवाय तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचे फोटो नुसते पांढरेफट.

कोयत्याने समोरची पाच मीटर जागा साफ केली. डोळ्यांपुढे लोंबणाऱ्या किंजळाच्या फांद्या छाटल्या. तोंड उत्तरेला फिरवलं. आपल्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूने भिंगात शिरत नाही, म्हणून ज्याला जागा निवडता येते त्याने उत्तर धरावी.

२४ नोव्हेंबर

आता फोटो शंभरच्या आत आणि त्यांत खरंच जनावरं. डुकरांचा कळप, कांडेचोर, मुंगूस, भेकराची मादी. साळिंदरं दोन, रात्री अकरानंतर, एकामागून एक. एक थांबून पिसारा फुगवून उभं आहे, समोर काय होतं ते फ्रेममध्ये नाही.

उंची मात्र बदलावी लागली. छातीच्या उंचीवर लावला होता, माणूस बांधतो तिथे. त्यामुळे साळिंदराची फक्त पाठ दिसे आणि जवळून गेलेलं लहान जनावर सुटून जाई. गुडघ्याच्या उंचीवर आणला, जमिनीपासून वीतभर कमी दोन फूट. आता पाय, डोकं, शेपूट सगळं येतं. पंपाचा कॅमेरा वेगळा घ्यायचा हे इथे पक्कं झालं. माणसासाठी तो उंच आणि न दिसणारा हवा, जनावरासाठी बुटका आणि जवळ. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट.

नारळाच्या रोपांभोवती पत्र्याचे दोन फुटी वेढे बसवले. नुकसान साळिंदराचं हे नक्की झाल्यामुळेच हा खर्च करता आला. अण्णांचा संशय आधी डुकरावर होता आणि त्यांनी सगळीकडे साड्या बांधायचं ठरवलं होतं.

१५ डिसेंबर

सेलचा गोंधळ. दुकानातले साधे अल्कलाइन पेन्सिल सेल आठ घातले होते. स्क्रीनवर अर्धी बॅटरी दिसतेय, दिवसाचे फोटो उत्तम, रात्रीचे काळेकुट्ट. दिव्यांना एकदम जास्त करंट लागतो, अर्धे झालेले सेल तेवढा देऊ शकत नाहीत. त्यामुळे टक्केवारी पाहायची नाही, शेवटचा रात्रीचा फोटो पाहायचा.

लिथियमचे सेल सगळ्यात चांगले, थंडी-पावसात टिकतात, पण एकदाच वापरायचे आणि आठांचा खर्च दोन हजारांवर. आम्ही चार्जिंगचे घेतले, दोन संच आणि चार्जर मिळून ५,२०० रुपये. यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट, म्हणून स्क्रीनवर पहिल्या दिवसापासून बॅटरी कमी दिसते. तरी महिनाभर सहज जातात. काही कॅमेरे एवढ्या कमी दाबावर बंदच पडतात, म्हणून घेण्याआधीच तो चौथा प्रश्न विचारायचा. जुने-नवे सेल एकत्र घालायचे नाहीत.

सेल बदलताना घड्याळ मागे जातं. आमचं २०१९ च्या १ जानेवारीवर गेलं होतं आणि पंधरवड्याचे फोटो चुकीच्या तारखेचे निघाले. आता काकांच्या डब्यात एक कागद आहे: सेल, कार्ड, घड्याळ, रात्रीचा एक फोटो, मग झाकण.

५ जानेवारी २०२५

पंपाचा कॅमेरा. इथे फोटो लगेच फोनवर यायला हवा. केबल गेल्यावर दोन आठवड्यांनी चोराचा फोटो बघून काय करायचं?

दुकानांत 'वायफाय ट्रेल कॅमेरा' म्हणून जे मिळतं ते यासाठी नाही. त्याचं वायफाय झाडाखाली उभं राहून फोटो फोनवर घ्यायला असतं, पंधरा-वीस मीटरपर्यंत. बागेतून चिपळूणला ते काही पाठवत नाही. ओळखीतल्या दोघांनी याच समजुतीने घेतला आहे, म्हणून ठळक लिहिते.

सिमकार्डवाला हवा. भाऊजींच्या मित्राने अमेरिकेतून येताना एक आणला. दिसायला देखणा, 'फोर जी' लिहिलेलं. जिओचं सिम घातलं, रेंज शून्य. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कारण सापडलं: बँड, म्हणजे टॉवरशी बोलायचे लहरींचे पट्टे, २, ४, १२, १३. जिओचं फोर जी चालतं बँड ३, ५ आणि ४० वर. त्या कॅमेऱ्याला आपला टॉवर ऐकूच येत नव्हता. टू जी किंवा थ्री जीवर चालणारे जुने स्वस्त कॅमेरेही जिओवर निकामी, कारण जिओकडे फोर जीच्या खालचं जाळंच नाही. मागवण्याआधी बँडची यादी विक्रेत्याकडून लिहून घ्यावी, आणि सिम आपलं चालतं की कंपनीचंच घ्यावं लागतं तेही विचारावं. हा अमेरिकी कॅमेरा सिमशिवाय साधा म्हणून चालतो, त्याला काजूत ठेवला.

पंपासाठी शेवटी ट्रेल कॅमेरा घेतलाच नाही. सोलर पट्टीचा, सिमवर चालणारा सीसीटीव्ही घेतला, ५,९०० रुपये. न दिसणारा हवा असं आधी वाटलं होतं. हा दिसतो, लपत नाही, आणि आता वाटतं पंपाला तेच बरं. चोर बघून परत गेला तरी आमचं काम झालं.

विहीर घळीत असल्यामुळे तिथे ऊन दुपारचंच आणि रेंज एक काडी. दोन दिवसांत बॅटरी उतरली. मग विचार फिरवला: कॅमेरा पंपाकडे कशाला, पंपाच्या वाटेकडे लावू. घळीत उतरायला वाट एकच आहे. तिच्या माथ्यावर, उघड्या कातळावर, दहा फुटी पाइप रोवून त्यावर बसवला. पूर्ण ऊन, तीन काड्या रेंज, आणि येणारा प्रत्येक जण खाली उतरायच्या आधीच टिपला जातो. रिचार्ज महिन्याला दोनशेच्या आसपास.

२६ जानेवारी

काकांचा सकाळी फोन. "वैनी, वानरांनी काजूतला कॅमेरा लोंबत ठेवलानी." पट्टा सोडवून ओढाओढ केलेली, शेवटचे फोटो जवळून बोटांचे आणि मग आकाशाचे.

देवरुखच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याच्या पेट्या करून घेतल्या, एकीला ७०० रुपये, मागून बोल्ट आणि कुलूप. पेटीत घातल्यावर रात्रीचे फोटो धुक्यासारखे पांढुरके. दिव्यांचा उजेड पेटीच्या चकचकीत कडेवर आपटून भिंगात परत येत होता. दिव्यांसमोरचं भोक अर्ध्या इंचाने मोठं करून आतून काळा मॅट रंग मारल्यावर गेलं. पेटी सांगताना भोक सैल सांगा, नंतर कापणं त्रासाचं आहे.

१६ फेब्रुवारी

पऱ्याकडच्या खिंडारात बिबट्या. पहाटे चारच्या सुमाराला, आत नाही, गडग्याच्या कडेने चालत गेला. आमच्याकडे याला वाघच म्हणतात आणि तो जातो-येतो हे अण्णांना लहानपणापासून माहीत आहे. फोटो पहिल्यांदाच.

भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो तीन गावांच्या ग्रुपवर फिरत होता, आणि पिंजरा लावून पकडून न्या, असं चार जणांनी अण्णांना सांगितलं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी भरलेल्या, उसाच्या शेतीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे राहत होते. आमचा तो फोटो नसता तर कोणालाच भीती वाटली नसती, बिबट्या मात्र इथेच असता. उचलून दुसरीकडे सोडला तर तो अनोळखी मुलखात माणसांच्या जास्त जवळ येतो.

तेव्हापासून घरात नियम: बिबट्याचा फोटो ग्रुपवर जाणार नाही. गुरं बांधणाऱ्या शेजाऱ्यांना तोंडी सांगायचं, गोठ्याचं दार लावा, रात्री बॅटरी घेऊन चाला. काही घडलंच तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

९ मार्च

शिमगा आला. पालखी पाखाडीने येणार, मुंबईकर येणार. कातळावरच्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये पाखाडीचा एक तुकडा येतो, आणि त्या पाखाडीने वाडीतल्या बायका रोज फाटीला आणि धुण्याला जातात. त्यांचे फोटो माझ्या फोनवर येत होते. आमचा पंप सांभाळायला त्यांची ये-जा साठवायचा आम्हाला काही हक्क नाही.

कॅमेरा तिरका करून पाखाडी फ्रेमबाहेर काढली. उरलेला कोपरा ॲपमध्ये झाकता आला. मायक्रोफोन बंद केला, तो कारखान्यातून चालूच येतो. पासवर्डही बदलला. मग वाडीत जाऊन सांगितलं की कॅमेरा कुठे आहे आणि कशासाठी आहे. एका काकूंनी फोनवर बघायला मागितलं, दाखवलं. हे काम जानेवारीतच व्हायला हवं असतं.

बाग आमची आहे म्हणून परवानगी लागली नाही. पऱ्यापलीकडे वनखात्याची हद्द लागते, तिथे त्यांच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही.

३० मार्च

आजची नोंद लांबणार आहे.

पंधरा दिवसांपूर्वी पऱ्याकडच्या कॅमेऱ्यात खवले मांजर आलं होतं. तीन फोटो. पहिल्यात नाक जमिनीला लावलेलं, दुसऱ्यात पाठीवरचे खवले दिव्यात एकेक मोजता येतील असे, तिसऱ्यात शेपटी खिंडाराच्या दगडावरून ओढत जाताना. अण्णांनी आयुष्यात दोनदा पाहिलंय. मी पहिल्यांदाच पाहिलं आणि बराच वेळ लॅपटॉप बंद करवला नाही. खवल्यांसाठी त्याची तस्करी होते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाबरोबर. कोकणात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था त्याच्यावर काम करते. फोटो घराबाहेर गेला नाही.

काल त्याच खिंडारातले फोटो. तिन्हीसांजेला एक माणूस, डोक्याला बॅटरी, कॅमेऱ्याकडे पाठ करून गडग्याशी बसलेला. पुढच्या फोटोत हात खिंडारात. त्याच्या पुढच्यात माणूस नाही, आणि खिंडाराच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ, गोल वळलेली.

अण्णा आणि काका सकाळी गेले. मोटारसायकलच्या क्लचची तार, सरकता फासा, ऐनाच्या बुंध्याला बांधलेला, गुडघ्याच्या उंचीवर. डुकरासाठी लावतात. पण तारेला डुक्कर कळत नाही. कोकणात किती बिबटे असल्या फासक्यांत कमरेला तार आवळून मेले आहेत ते गावागावांत माहीत आहे. आणि हीच वाट त्या खवल्याची.

फासकीला हात लावला नाही. फोटो काढले, १९२६ वर कळवलं. दुपारी वनरक्षक आले, पंचनामा केला, तार काढली. फास लावणं हीसुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारच आहे, जनावर सापडो न सापडो. मग सगळ्यांनी मिळून पूर्ण गडगा काठीने चाचपला, सड्याच्या बाजूला आणखी एक निघाली. तिथे आमचा कॅमेरा नव्हताच.

वनरक्षकांनी पहिलं विचारलं, घड्याळ बरोबर आहे का. होतं, तो डब्यातला कागद उपयोगी पडला. मूळ कार्ड कॅमेऱ्यातून काढून लिफाफ्यात ठेवलं, त्यावर काही लिहिलं-पुसलं नाही, आणि कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं. पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, मूळ कार्ड असलं की ते सोपं. म्हणून एक कोरं कार्ड नेहमी जवळ असावं.

चेहरा दिसत नाही. कोण असेल याचा अंदाज वाडीत पाच जण पाच प्रकारे करतील, आम्ही करणार नाही. अण्णा वाडीच्या बैठकीत एवढंच बोलले की आमच्या गडग्यात तार लागली होती, परत लागली तर खात्याला कळवू. डुकराने खाल्लं तर भरपाईचा अर्ज लिहून देतो, असंही ते म्हणाले.

दर शनिवारी काका आता काठी घेऊन गडगा फिरतात. कॅमेऱ्याने हे काम दाखवून दिलं, करायचं माणसानेच.

२० एप्रिल

काजूचा जोर. बी किलोला शंभराच्या वर, आणि झाडाखालची दुपारी गायब होते. काजूतल्या कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळची माणसं आहेत, दुपारी कोणी नाही. काकांना भर दोन वाजता समोरून चालायला सांगितलं: दहा मीटरवर एकही फोटो नाही. रात्री याच अंतरावर न चुकता निघतो.

हवाच ३५-३६ अंशांवर, माणसाचं अंगही त्याच्या आसपास. फरकच उरत नाही. सेन्सरची तीव्रता सगळ्यात वर नेली आणि कॅमेरा झाडाच्या चार मीटरवर आणला, थोडा सुधारला. खरा उपाय टाइम-लॅप्स निघाला: दुपारी बारा ते चार दर पाच मिनिटांनी एक फोटो, हालचाल असो-नसो. त्यात दिसलं की दुपारची बी वानरं आणि खारी फळासाठी पाडतात, आणि खाली पडलेली शेजारची दोन मुलं वेचतात. मुलांना ओरडायचं नाही असं ठरलं. अण्णांनी त्यांना सकाळी वेचणीला बोलावलं, किलोमागे पैसे देऊन.

२७ मे

मिरगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरे काढायचे, असं ठरलं होतं. पण मे महिन्याच्या विशीतच पाऊस कोसळायला लागला आणि २५ तारखेला मान्सून तळकोकणात आलासुद्धा. पोचलो तेव्हा पऱ्याचा कॅमेरा चार दिवस धारेखाली होता.

पाणी आत गेलं नाही, धूळ-पाणी अडवणारं आयपी ६६ दर्जाचं रबर चांगलं आहे. पण भिंगाच्या आतून दव, आणि सेलच्या कप्प्यात मुंगळ्यांनी अंडी घातलेली. रबराच्या खोबणीत एक मुंगळा अडकला तरी तिथून ओल शिरते. कोरड्या ब्रशने साफ करून, रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात फिरवला. काजूतला अमेरिकी गेला: सिमच्या खाचेचं बूच सैल होतं, आत गंज.

सोलरवाला ढगाळ दिवसांत तग धरून आहे, पण दिवसाला मोजक्याच क्लिप घेतो असं सेटिंग केलं.

१५ जून

पऱ्याचा कार्डवाला कॅमेरा घरी. सेल काढले, कॅमेरा तांदळात न ठेवता घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलबरोबर ठेवला. तांदळाची भुकटी बटणांत जाते. सिलिकाचे दाणे रंग बदलले की तव्यावर हलके गरम करून परत.

हिशेब: पहिला कॅमेरा ६,८००, सोलर ५,९००, सेल-चार्जर ५,२००, पेट्या १,४००, कार्डं आणि पाइप-बोल्ट मिळून २,१००. एकूण २१,४००, रिचार्ज सोडून. अमेरिकीचे पैसे मित्राने घेतले नाहीत. पुन्हा घ्यायचा झाला तर जनावरांसाठी ९४० नॅनोमीटरचा घेईन, कारण आता त्या खिंडारात माणूसही येतो हे कळलंय, आणि लाल ठिपके बघून त्याने कॅमेरा शोधलेला मला नको आहे.

नारळाची सगळी रोपं आहेत. पंपाची केबलही जागेवर आहे.

गणपतीनंतर गडगा बांधून घ्यायचा आहे. वरची दोन खिंडारं पूर्ण बंद. पऱ्याकडचं बांधताना तळाशी जांभ्याचा एक चिरा वगळून नऊ इंचांची वाट ठेवायची, डुक्कर अडेल आणि खवल्या जाईल एवढी. कॅमेरा तिथेच, गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला तिरका. गवंड्याला काल फोन केला, तो नवरात्राआधी येतो म्हणाला.